चार बोटं काठ : लहान नावेच्या सुधारणेवरील पुस्तकाची प्रस्तावना

लाखांदूरचा माणूस शिडाच्या नावेवर पुस्तक लिहितोय म्हटल्यावर समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो : "समुद्र कुठं आहे तुमच्याकडं?" समुद्र नाही. मुंबई आमच्यापासून हजार किलोमीटरच्या घरात. पण पाण्याचा तुटवडा कुणी काढू नये. तालुक्याच्या कडेनं वैनगंगा वाहते, चुलबंद तिला येऊन मिळते, पलीकडे वडसा आणि ब्रह्मपुरी, आणि मधल्या धानाच्या मुलखात कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव. पावसाळ्यात नदीकाठच्या गावांना पुराचा वेढा पडतो. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला जो पूर आला तो ज्यांनी पाहिला, त्यांना पाण्याची आणि नावेची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

आमच्याकडची नाव म्हणजे डोंगा. शीड नाही, सुकाणू नाही, एक लांब बांबू आणि एक वल्हं. मी लहानपणी मामाच्या गावाला जायचो तो डोंग्यानं. डोंगा चालवणारे ढिवर काका आधी माणसं बसवायचे, मग सामान लावायचे, आणि हे बसवणंच अर्धा तास चालायचं. जाडजूड माणूस मधोमध. तांदळाचं पोतं तळाला, आडवं. सायकल उभी चालायची नाही, ती आडवी पाडायची. बकरी असली तर तिचे पाय बांधून तिला मालकाच्या मांडीशी निजवायची. बायकांनी डोक्यावरची टोपली उतरवून पायांत घ्यायची, कितीही नाकं मुरडली तरी. सगळं लागलं की काका डोंग्याबाहेर हात घालून काठापासून पाण्यापर्यंत बोटं लावून बघायचे. चार बोटं मावली तर बांबू उचलायचे. तीनच मावली तर कुणाला तरी उतरावं लागायचं, आणि तिथं ओळखपाळख, मानपान काही चालायचं नाही. एकदा खुद्द गावच्या पाटलांना त्यांनी दुसऱ्या खेपेची वाट बघायला काठावर बसवलेलं मी पाहिलं आहे. निघताना एकच वाक्य सगळ्यांना : "पानी आत आलं तं घाबरू नोको, हलू नोको."

पुढं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. नावबांधणीवरची पुस्तकं हाती लागली, आकृत्या समजायला लागल्या, आणि मग ध्यानात आलं की काठाची उंची, वजनाची जागा, प्रवाशाचं हलणं यावर ही पुस्तकं पानंच्या पानं जे लिहितात, ते सगळं काकांच्या चार बोटांत होतं. फक्त एका गोष्टीचा विचार त्यांनी केला नव्हता, कारण तो करण्याची मुभाच त्यांना नव्हती. ती गोष्ट म्हणजे सोय. डोंग्यात पाठ टेकायला काही नसतं. तळाला दोन बोटं पाणी कायमच, त्यातच बसायचं. ऊन डोक्यावर, आणि आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे पंचेचाळीस अंशांची गोष्ट. माणूस अवघडतो, पाय बदलतो, कूस बदलतो, पाण्यातून कपडे वर उचलायला अर्धवट उठतो. आणि डोंगा कलतो तो तेव्हाच.

या पुस्तकाचा सगळा डाव या एका निरीक्षणावर मांडलेला आहे. लहान नावेत सोय हा चैनीचा विषय आहे असं आपल्याकडं सर्रास समजलं जातं, नाव बांधणारेही तसंच समजतात. मोठ्या जहाजाचं मला माहीत नाही. पण पाच-सहा मीटरच्या नावेत ज्याला नीट बसता येतं तो हलत नाही, ज्याची झोप झाली आहे तो दोर चुकीचा सोडत नाही, आणि कोरडा माणूस पाणी उपसायची बादली वेळेवर उचलतो. मात्र प्रत्येक सोयीला वजन असतं, आणि ते वजन कुठं ठेवलं यावर नाव तरणार की कलंडणार हे ठरतं. म्हणून सोय कुठली करावी यापेक्षा ती किती उंचीवर करावी, हा प्रश्न मी आधी घेतला आहे.

हे मला पुस्तकानं शिकवलं असं म्हणायला आवडलं असतं. शिकवलं ते माझ्याच चुकीनं. काही वर्षांपूर्वी प्लायवूडची बारा फुटांची होडी मी अंगणात बांधली, तळ्यावर मासे धरायला. वडिलांचे गुडघे दुखायचे, खाली बसून उठणं त्यांना जमायचं नाही, म्हणून बसायची फळी मी मुद्दाम फूटभर उंच केली, वर गादी टाकली, मागं टेकायला पाठ लावली. खुर्चीसारखी दिसत होती, मी खूश होतो. तळ्यात उतरल्यावर आम्ही दोघं बसलो, आणि वडिलांनी तपकिरीची डबी काढायला नुसता हात खिशात घातला तर होडी अशी डोलली की डबी पाण्यात गेली. आम्ही गेलो नाही हे नशीब, आणि पाणी कमरेएवढंच होतं हे त्याहून मोठं नशीब. घरी येऊन हिशेब केला. होडी, सामान, माणसं मिळून वजन अडीचशे किलो. त्यातली सत्तर-सत्तर किलोची दोन माणसं मी 30 सेंटीमीटर वर उचलून ठेवली होती. म्हणजे सगळ्या नावेचा गुरुत्वमध्य जवळजवळ 17 सेंटीमीटर वर गेला. अरुंद होडीच्या तोलात 17 सेंटीमीटर म्हणजे केवढी कात्री, ते ज्याला कळतं तो अशी खुर्ची करणार नाही. मी सुतारकाम शिकवत होतो, आणि केली.

उपाय दुसरीकडून आला. फळी खाली घेतली आणि दोन्ही बाजूंना, होडीच्या लांबीनं, पेट्या केल्या. पेटी 25 सेंटीमीटर उंच, तेवढीच रुंद, 3 मीटर लांब, सगळ्या सांध्यांना फायबरची पट्टी आणि रेझिन, झाकण घट्ट. एका पेटीत 187 लिटर हवा. होडी पाण्यानं भरली तरी एक पेटी पावणेदोनशे किलोंहून जास्त उचलून धरते, दोन्ही मिळून पावणेचारशेच्या आसपास. माणसाला पाण्यात डोकं वर ठेवायला लागतो तो आधार सात-आठ किलोंचाच असतो, तेव्हा हा साठा भरपूर झाला. त्याच पेट्यांवर माणूस बसतो, खालच्या पातळीवर, पाठ होडीच्या भिंतीला टेकून. वडिलांसाठी पाय लांब करता येतील एवढी मोकळी जागा मधोमध राहिली. गुडघे वाकवावे लागत नाहीत म्हटल्यावर उंच खुर्चीची गरजच उरली नाही.

तिसरा फायदा मला नंतर कळला, आणि तो सगळ्यांत मोठा आहे. होडीत शिरलेलं पाणी हे वजन म्हणून जेवढं घातक, त्याहून ते धावतं म्हणून घातक. चार मीटर लांब, मीटरभर रुंद तळावर पाच सेंटीमीटर पाणी साचलं की ते 200 किलो होतं, आणि होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावतं. तीन माणसं एकदम एका काठाकडं पळाली असं समजा. या धावण्याचा परिणाम पाण्याच्या पसाऱ्याच्या रुंदीच्या घनाशी जोडलेला असतो. दोन्ही बाजूंच्या पेट्यांनी मधली मोकळी रुंदी मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणली, तर तो परिणाम निम्मा होत नाही, आठवा हिस्सा होतो. बसायची सोय म्हणून केलेल्या पेटीनं हे काम न सांगता केलं.

रुंदीचा हाच घन दुसऱ्या बाजूनंही उपयोगी पडतो. वजन तेवढंच ठेवून नावेची पाण्याच्या रेषेवरची रुंदी दहा टक्के वाढवली, तर आकारातून मिळणारा तोल सुमारे 33 टक्के वाढतो. कोकणातल्या लहान होडीला बाजूला जी उलांडी लावतात, तिच्यामागंही रुंदी वाढवण्याचीच युक्ती आहे. पूर्वी आमच्याकडं बैलगाडी पार करायला दोन डोंगे शेजारी बांधायचे, तेही त्यातलंच. अर्थात रुंदी फुकट मिळत नाही. ओढ वाढते, वल्हवायला जड जातं, आणि अरुंद धारेत वळवता येत नाही. हा सौदा कुठं तोडायचा ते प्रत्येकानं आपल्या पाण्यावरून ठरवावं.

नावेत माणसाची जागा कुठं, हा प्रश्न आपल्याकडं नवा नाही. अकराव्या शतकातल्या भोजराजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरु या ग्रंथात नावांचे प्रकार त्यांच्यावरच्या खोल्यांवरून केलेले आहेत : सगळीकडं खोल्या असलेली सर्वमंदिरा, मधोमध खोली असलेली मध्यमंदिरा, नाळेकडं, म्हणजे पुढच्या टोकाकडं, खोली असलेली अग्रमंदिरा. आणि कुठली कुणासाठी, कुठल्या ऋतूत, हेही सांगितलं आहे. मध्यमंदिरा पावसाळ्यासाठी. आजचा नावबांधणीचा विद्यार्थीही हेच उत्तर देईल, कारण लाटेवर नाव ज्या टोकांनी उठते-आपटते त्या टोकांपेक्षा मध्यावरची, किंचित मागची जागा सगळ्यांत कमी हलते. झोपायची फळी आणि शेगडी तिथंच हवी. लहान नावांच्या हौशी नकाशांत झोपायची जागा नाळेत कोंबलेली असते, कारण ती जागा दुसऱ्या कशाला उपयोगी पडत नाही. तिथं बंदरात झोप लागते. चालत्या नावेत कुणाला लागली असेल तर त्यानं मला कळवावं.

शिडाच्या नावेबद्दल बोलायचं तर महाराष्ट्रात आणि गोव्यात जे दाखले आहेत ते जगातल्या उत्तमांपैकी आहेत, आणि आपल्यालाच त्यांची माहिती कमी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज दर्यावर्दी 14 जून 1968 ला पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत निघाला आणि 22 एप्रिल 1969 ला परतला, कुठंही न थांबता, एकटा, 312 दिवसांत. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. त्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी पूर्ण करणारा तो एकटाच. त्याची 32 फुटांची सुहेली ही नाव मुंबईत सागवानाची बांधलेली होती, इथल्या सुतारांनी. तिचा आराखडा अमेरिकन नावबांधणीकार विल्यम अॅटकिन याचा, 1924 चा, आणि त्याच्या मुळाशी नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचावनौका. धीमी, जाडजूड, दोन्ही टोकांना निमुळती. वेगात ती कुणाला हरवणारी नव्हती.

सुहेलीच्या सफरीतल्या मोडतोडीची यादी मला तिच्या विक्रमापेक्षा जास्त शिकवणारी वाटते. दक्षिणेच्या समुद्रात लाटेनं नाव आडवी केली तेव्हा केबिन तिच्या जागेवरून सरकली. टाक्यांतलं गोडं पाणी खराब झालं, मग पावसाचं धरून प्यावं लागलं. रेडिओ बंद पडला. सुकाणू आपोआप धरणारं यंत्र मोडलं. त्याआधीच तळाच्या फळ्यांमधून पाणी झिरपायला लागलं होतं, तेव्हा त्यानं पाण्याखाली बुडी मारून सांध्यात कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. तरी तो पोचला, कारण शिडं योग्य मापानं लावली की सुहेली सुकाणूला हात न लावता आपली दिशा धरून चालायची. माणसाला झोपता यायचं. नावेच्या आकारातच बांधलेली ही सोय होती, तिला ना वीज लागत होती ना सुटा भाग.

दुसरा दाखला गोव्याचा. भारतीयानं एकट्यानं शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी लावून धरली. निवृत्तीनंतर ते राहत होते सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णीला. समुद्र तिथूनही दिसत नाही, हे मला फार बरं वाटतं. म्हादेई ही 56 फुटांची नाव दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधली, सीडरच्या लाकडी पट्ट्यांवर फायबर आणि इपॉक्सी चढवून. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे 2010 मध्ये परतले. दोंदे यांची गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला मोलाचं वाटतं ते हे, की नाव बांधली जात असताना तिच्यात राहणारा माणूस बांधणीवर हजर होता. हात कुठवर पोचतो, दोर कुठं लागतो, झोपलेल्या माणसाला घड्याळाचा गजर कुठून ऐकू येतो, ही मापं नकाशावर काढून मिळत नाहीत. पुढं दांडेकरांच्याच कारखान्यानं सुहेलीच्या आराखड्यावरची थुरिया ही नाव दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्यासाठी बांधली. एका 32 फुटी आकाराची मुंबई ते गोवा अशी ही अर्ध्या शतकाची फेरी झाली.

सोयीच्या बाबतीत मला सगळ्यांत आवडतो तो मात्र ब्लाँडी हॅस्लर. 1960 साली अटलांटिक एकट्यानं पार करायची पहिली शर्यत झाली, तीत हा निवृत्त इंग्रज अधिकारी 25 फुटांच्या जेस्टर नावाच्या होडीतून उतरला. होडीचं वरचं अंगण त्यानं बंदच करून टाकलं होतं. मधोमध एक गोल भोक, त्यातून डोकं आणि हात बाहेर काढून सगळं शीड चालवायचं, चिनी पद्धतीचं, पट्ट्यापट्ट्यांचं, पंख्यासारखं मिटणारं. पाऊस असो, वादळ असो, बाहेर यायचंच नाही. तो 48 दिवसांत दुसरा आला. पहिला आलेला चिचेस्टर आठ दिवस आधी पोचला, पण तोही वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू लावून. ते उपकरण व्यवहारात आणण्यातही हॅस्लरचा मोठा हात. आळशी माणसानं नाव सुधारावी असं मी गमतीनं म्हणतो. त्याला प्रत्येक अनावश्यक हालचालीचा राग येतो.

हवा खेळती राहणं ही आमच्या प्रदेशात झोपेइतकीच मोठी सोय. बंद केबिन दुपारी भट्टी होते. हवा आत घ्यायची आणि पाणी बाहेर ठेवायचं, यासाठी 1930 साली पाण्यात उतरलेल्या डोराड या नावेवरून प्रसिद्ध झालेली एक साधी पेटी आहे. बाहेरचं भोंग्याचं तोंड पेटीत उघडतं, केबिनमध्ये जाणारी नळी त्याच पेटीत पण दुसऱ्या टोकाला, थोडी उंच. शिरलेलं पाणी पेटीच्या तळाला पडून बाजूच्या छिद्रांतून बाहेर जातं, हवा मात्र वळसा घालून आत येते. पत्र्याची, लाकडाची, प्लास्टिकच्या डब्याची, कशाचीही होते. मी ती पाच लिटरच्या तेलाच्या डब्याची केली आहे, आणि तिचा नकाशा तिसऱ्या प्रकरणात आहे. वरून पांढरा रंग मारला की आतलं तापमान हाताला कळण्याइतकं उतरतं. काळा किंवा गडद निळा दिसतो छान, पण तो मारणाऱ्यानं एकदा त्याच्यावर अनवाणी उभं राहून बघावं.

स्वयंपाकाच्या प्रकरणात मी गॅसच्या सिलिंडरबद्दल जरा रागानं लिहिलं आहे, वाचकानं समजून घ्यावं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराखालून निघून जायला वाट तरी असते, नावेत गळला तर तळाला साचून राहतो, कारण तळाला दार नसतं. पेट्रोलची वाफही तशीच. सिलिंडर ठेवायचाच असेल तर त्याची पेटी वेगळी, आणि तिचं तळाचं छिद्र थेट नावेबाहेर उघडणारं. बॅटरीचंही तसंच : शंभर अॅम्पिअर-अवरची साधी बॅटरी पंचवीस-तीस किलोंची असते, ती मधोमध, खाली, पट्ट्यानं आवळून. नाव आडवी झाल्यावर उडालेली बॅटरी हे काय प्रकरण असतं ते मी पाहिलेलं नाही आणि पाहायचंही नाही.

बायकांच्या सोयीवर एक वेगळं प्रकरण आहे, आणि ते पुस्तकात सगळ्यांत उशिरा लिहिलं गेलं, याची मला लाज वाटते. नदीपार कामाला जाणाऱ्या डोंग्यांत बहुतेक बायकाच असतात : रोवणीला, कापणीला, मिरची तोडायला. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यात बायकांचे जीव गेले. नऊवारी किंवा पाचवारी ओली झाली की पायांत गुंतते, हे कुठल्याही नावबांधणीच्या पुस्तकात लिहिलेलं नाही, कारण ती पुस्तकं पँट घातलेल्या माणसांसाठी लिहिलेली आहेत. पाय ठेवून चढायला बाजूला एक पायरी, धरायला काठाच्या आतून दोर, पाण्यातून परत वर यायला दोरीची शिडी, आणि बसल्या जागीच पाठीशी बांधलेली तरंगती उशी. एवढ्यात वजन पाच किलोंचंही वाढत नाही. यंत्र नसलेल्या लहान नावांसाठी 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात वेगळं प्रकरण आहे खरं, पण उशी नावेत यायला मला वाटतं कायद्यापेक्षा शिवणयंत्र लवकर पोचेल.

शीड कशाला, असंही विचारलं जातं. नदीच्या अरुंद धारेत ते फारसं उपयोगी नाही, हे मी आधीच कबूल करतो. रुंद तलावांवर आणि गोसीखुर्दसारख्या जलाशयावर आहे. संध्याकाळचा वारा एका दिशेनं बराच वेळ टिकतो, आणि वल्हवणाऱ्याचे दोन हात मोकळे होतात. पुस्तकातलं शीड सात चौरस मीटरचं आहे, ताडपत्रीचंही होईल, डोलकाठी बांबूची. वारा वाढला तर एका दोरानं सगळं खाली, ही अट मी कुठंच सोडलेली नाही.

या पुस्तकातल्या नऊ नकाशांपैकी सहा नावा मी स्वतः बांधल्या आहेत किंवा बांधताना हात लावला आहे. उरलेल्या तीन अजून कागदावरच आहेत, त्या त्या पानावर तसं नोंदवलं आहे. फूट आणि मीटर दोन्ही दिले, कारण दुकानात प्लायवूड फुटात मिळतं आणि हिशेब मीटरमध्ये सोपा पडतो. मापात चूक आढळली तर पेन्सिलीनं तिथंच दुरुस्त करावी. पहिल्या प्रकरणाला टेप, ओळंबा आणि एक रिकामी बादली लागेल. तुमची नाव आत्ता जशी आहे तशी पाण्यात उतरवा, माणसं आणि सामान नेहमीसारखं चढवा, आणि काठाबाहेर हात घालून बघा किती बोटं मावतात.